अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचे (सॉकरचे) मुख्य प्रशिक्षक: विजेतेपद जिंकून लगेच नोकरी का सोडतात?

आडवापास (धागाकर्ता)

डिसेंबर २०२४. नॉर्थ कॅरोलायनातलं कॅरी गाव, एनसीएए (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मुख्य संघटना) डिव्हिजन वनच्या पुरुष फुटबॉलची अंतिम लढत. मानांकन नसलेल्या व्हर्मॉंट विद्यापीठाने मार्शलला जादा वेळेत २-१ असं हरवलं. त्यानंतर काही आठवड्यांतच व्हर्मॉंटचे मुख्य प्रशिक्षक रॉब डाऊ पेन स्टेट विद्यापीठात रुजू झाले. दुसऱ्या एका धाग्यावर यावर "चषक हातात असताना घर कोण बदलतं?" अशी चर्चा झाली, पण ती भावनिक अंगानेच गेली. त्यांच्या मनात काय होतं ते आपल्याला कळणार नाही. मात्र ही नोकरी कशी चालते ते पाहिलं की निर्णय चक्रावणारा वाटत नाही.

थोडी पार्श्वभूमी. फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा. अमेरिकन फुटबॉल आला की तसं स्पष्ट लिहीन. एनसीएएच्या तीन डिव्हिजन आहेत. वनमध्ये पुरुषांचे २००च्या आसपास संघ, महिलांचे साडेतीनशेच्या आसपास. टूमध्ये थोडी स्कॉलरशिप, थ्रीमध्ये खेळासाठी एक पैसा नाही. त्याबाहेर एनएआयए ही लहान कॉलेजांची वेगळी संघटना आणि दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजं. पुरुष आणि महिला संघांच्या संख्येतला हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझं म्हणणं एवढंच: मुख्य प्रशिक्षकाची कारकीर्द मैदानावरच्या डावपेचांपेक्षा दोन कागदांवर जास्त ठरते. एक स्कॉलरशिपचा ताळेबंद आणि दुसरा सामन्यांचं वेळापत्रक. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेल तिथे कान धरावा.

---

पेनल्टीबॉक्स

ताळेबंदापासून सुरू करतो, कारण बाहेरच्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे.

२०२४-२५ पर्यंत डिव्हिजन वनच्या पुरुष फुटबॉल संघाला ९.९ स्कॉलरशिपची मर्यादा होती. डिव्हिजन टूमध्ये ९. पण हा खेळ 'इक्विव्हॅलन्सी'वाला, म्हणजे स्कॉलरशिपचे तुकडे पाडता येतात. २८ जणांच्या संघात वाटप साधारण असं बसतं:

३ जणांना पूर्ण = ३.०
६ जणांना ०.६ = ३.६
६ जणांना ०.४ = २.४
९ जणांना ०.१ = ०.९
उरलेल्या ४ जणांना शून्य

बेरीज ९.९. हे झालं कागदावर. आता घोळ कुठे होतो ते बघा. समजा सरकारी विद्यापीठात राज्यातल्या मुलाचा वर्षाचा खर्च ३०,००० डॉलर आणि बाहेरच्याचा ५५,०००. दोघांनाही ०.५ दिलं तर ताळेबंदात दोघे सारखेच, पण खात्यातून एकासाठी १५,००० जातात आणि दुसऱ्यासाठी २७,५००. नवा प्रशिक्षक ९.९चा आकडा सांभाळतो आणि बजेट मार्चमध्ये संपवून बसतो. मुलाखतीत "९.९ पूर्ण फंडेड आहे का, आणि डॉलरमध्ये किती?" हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारायचे. बऱ्याच संघांना ९.९ची परवानगी होती, पैसे मात्र त्याहून कमी.

दुसरी चूक म्हणजे सगळी मलई एकाच वर्गाला वाटणं. पहिल्या हंगामात चमकदार फ्रेशमन (पहिल्या वर्षाच्या मुलांचा) वर्ग आणला, ६.५ त्यातच गेलं. पुढची दोन वर्षं हातात दीड-दोनच उरतं आणि मध्यरक्षक शोधायला निघालेला प्रशिक्षक ०.१ची ऑफर घेऊन फिरतो. म्हणून दर वर्षी पदवी घेऊन जाणाऱ्यांकडून किती अपूर्णांक सुटतो, ते चार वर्षं पुढपर्यंत मांडून ठेवायचं.

सुटकेची वाट अभ्यासातून. २०२० पासून डिव्हिजन वनमध्ये गुणवत्तेवर मिळणारी शैक्षणिक मदत या हिशोबात धरत नाहीत. त्यामुळे चांगले गुण असलेला लेफ्ट बॅक प्रशिक्षकाला अक्षरशः स्वस्त पडतो. पालकांनी ही ओळ दोनदा वाचावी.

---

पेठेतला

लय भारी, पेनल्टीबॉक्स. आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठेपेठेची टीम, पण हे अपूर्णांकाचं गणित म्हणजे तलाठ्याचा सातबारा झाला की राव! दोन शंका. 'हाऊस' का कुठल्या खटल्याने हे सगळं बदललं म्हणतात, ते काय? आणि एआयएफएफचं (आपल्या फुटबॉल महासंघाचं) लायसन्स किंवा एनआयएसचा (पतियाळाच्या क्रीडा संस्थेचा) डिप्लोमा तिकडे चालतो का?

---

पेनल्टीबॉक्स

@पेठेतला, खटल्याचं आधी. हाऊस समझोता न्यायालयाने ६ जून २०२५ ला मंजूर केला. जी विद्यापीठं त्यात सामील झाली त्यांच्यासाठी स्कॉलरशिपची मर्यादा गेली आणि रोस्टरची, म्हणजे संघातल्या एकूण खेळाडूंची, मर्यादा आली. पुरुष फुटबॉलसाठी २८. म्हणजे इच्छा असेल तर २८ही जणांना पूर्ण पैसे द्या, पण २९वा मुलगा ठेवू नका.

ऐकायला छान वाटतं. पण त्याच समझोत्याने खेळाडूंना थेट पैसे द्यायची सोय केली, पहिल्या वर्षी विद्यापीठामागे सुमारे २.०५ कोटी डॉलरपर्यंत. तो ओघ मुख्यतः अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे वळतो. आपल्या खेळाच्या वाट्याला २८चं कुंपण आलं, पैसा येईलच असं नाही. पूर्वी ३२-३४ जणांचा संघ ठेवून राखीव मुलांना दोन वर्षं घडवता यायचं, ते सामील विद्यापीठांत बंद झालं. सहा-सात जणांना नारळ द्यावा लागला, तोही प्रशिक्षकानेच.

---

तिसरा_सहाय्यक

लायसन्सबद्दल मी लिहितो.

एनसीएए कुठलंही कोचिंग लायसन्स सक्तीचं करत नाही. प्रथमोपचार, सीपीआर आणि एईडीचं प्रमाणपत्र मात्र लागतं. विद्यापीठाच्या जाहिरातीत पदवी अनिवार्य असते आणि 'मास्टर्सला प्राधान्य' हे वाक्य जवळपास कायमचं. यूएस सॉकरची शिडी ग्रासरूट्स, डी, सी, बी, ए आणि वर प्रो अशी आहे. बी किंवा ए असेल तर अर्ज वरच्या गठ्ठ्यात जातो. दुसरी वाट युनायटेड सॉकर कोचेसच्या डिप्लोमांची. ही संघटना १९४१ ची, २०१७ पर्यंत तिचं नाव एनएससीएए होतं. तिचं जानेवारीतलं अधिवेशन म्हणजे या धंद्याचा बाजार. सहाय्यकांच्या कितीतरी जागांची पहिली बोलणी तिथल्या हॉटेलच्या लॉबीत होतात.

एआयएफएफ-एएफसीचं लायसन्स असेल तर जरूर लिहा, पण ते तुमची ओळख करून देईल, दार उघडणार नाही. दार उघडतं ग्रॅज्युएट असिस्टंटच्या जागेने: मास्टर्सची फी माफ, थोडा भत्ता, आणि कामात व्हिडिओ कापण्यापासून बसमध्ये सँडविच मोजण्यापर्यंत सगळं.

पायऱ्या साधारण अशा: ग्रॅज्युएट असिस्टंट, दुसरा सहाय्यक, पहिला सहाय्यक किंवा असोसिएट हेड कोच, मग लहान कॉलेजात मुख्य, मग मोठ्या. जुलै २०२३ पासून 'व्हॉलंटियर असिस्टंट' हा फुकट राबवून घेण्याचा प्रकार नियमातून गेला. त्या जागेवरच्या माणसाला आता पगार देता येतो. देता येतो म्हणजे देतातच असं नाही.

जेरेमी गन यांची वाट नमुन्यादाखल बघण्यासारखी आहे. कोलोरॅडोतल्या ड्युरँगोचं फोर्ट लुईस कॉलेज, डिव्हिजन टू. तिथे २००५ चं राष्ट्रीय विजेतेपद. मग शार्लट, २०११ ला डिव्हिजन वनची अंतिम फेरी. २०१२ पासून स्टॅनफर्ड आणि २०१५, २०१६, २०१७ अशी सलग तीन विजेतेपदं. मार्शलचे ख्रिस ग्रासीही डिव्हिजन टूतल्या चार्ल्सटन विद्यापीठातून आले. करोनामुळे मे २०२१ पर्यंत लांबलेल्या अंतिम सामन्यात त्यांनी इंडियानाला जादा वेळेत १-० ने हरवलं. डिव्हिजन टूचा प्रशिक्षक कमी स्टाफमध्ये सगळं स्वतः करतो, हा त्यातला फायदा.

---

शिट्टीवाला

मैदानावरचं काम कोणी लिहिलंच नाही, म्हणून घुसतो. कॉलेजचे नियम फिफापेक्षा वेगळे आहेत, आणि बाहेरून आलेला प्रशिक्षक पहिल्या वर्षी हमखास इथेच आपटतो.

घड्याळ ४५:०० वरून उलटं चालतं आणि स्कोअरबोर्डवर सगळ्यांना दिसतं. गोल, कार्ड, पेनल्टी, दुखापत झाली की पंच ते थांबवतात. भरपाई वेळ नावाचा प्रकार नाही. शेवटचे १० सेकंद प्रेक्षक मोठ्याने मोजतात. म्हणजे 'आता किती उरलं' हा अंदाज नाही, आकडा आहे, आणि १५ सेकंद उरले असताना कॉर्नर मिळाला तर काय करायचं याचा सराव करावा लागतो.

बदली खेळाडूंचा नियम त्याहून महत्त्वाचा. पहिल्या अर्धात बाहेर आलेला त्या अर्धात परत येत नाही. दुसऱ्या अर्धात एकदा परत येऊ शकतो. त्यामुळे ३०व्या मिनिटाला पुढचे तिघे काढून ताजे तिघे घालायचे, मध्यंतरानंतर पहिले पुन्हा आणायचे, ही कॉलेजची ठरलेली चाल. युरोपात शिकलेला माणूस ११ जणांवर ८० मिनिटं काढतो, आणि समोरचा संघ दमवून दमवून ७५व्या मिनिटाला गोल करतो. इथे १८ ते २० जण खेळण्याजोगे हवेत. २०२२ पासून साखळी सामन्यात जादा वेळही नाही, बरोबरी ती बरोबरीच.

अवांतर: १९८५ ची अंतिम लढत, यूसीएलए विरुद्ध अमेरिकन युनिव्हर्सिटी, सिएटलच्या किंगडोममध्ये आठव्या जादा सत्रात १-० ने सुटली. १६६ मिनिटं. यूसीएलएचे प्रशिक्षक सिगी श्मिड.

---

आडवापास

@शिट्टीवाला, अवांतर असंच येऊ द्या!

त्याला जोडून आठवड्याचा हिशोब. ऑगस्टच्या सुरुवातीला पूर्वतयारी, ऑगस्टअखेर पहिला सामना, नोव्हेंबरच्या सुरुवातीला कॉन्फरन्स (विद्यापीठांचा लीगसारखा गट) स्पर्धा, नोव्हेंबरच्या मध्याला ४८ संघांची राष्ट्रीय स्पर्धा, डिसेंबरमध्ये कॉलेज कप, म्हणजे शेवटच्या चार संघांच्या लढती. मधल्या दहा-अकरा आठवड्यांत साधारण १८ सामने, म्हणजे आठवड्याला दोनच्या आसपास.

हंगामात आठवड्याला २० तास, दिवसाला ४, आणि एक दिवस सक्तीची सुट्टी. सामना कितीही लांबला तरी ३ तासच धरतात. शुक्रवार आणि मंगळवार असे दोन सामने असले तर ६ तास गेले, १४ उरले. त्यातच व्हिडिओ बैठक, वजनांचा व्यायाम, सराव. प्रवास, फिजिओकडचे उपचार आणि अभ्यासिका यात मोजत नाहीत. शुक्रवारी ९० मिनिटं खेळलेल्या मुलाचं शनिवारी फक्त सावरणं, रविवारी किंवा सोमवारी सुट्टी. खरा जोरदार सराव आठवड्यातून एकच, फार तर दोन. 'ऑक्टोबरमध्ये नवी पद्धत शिकवू' म्हणणाऱ्याने हे कॅलेंडर पाहिलेलं नसतं. शिकवायचं ते वसंतात. तेव्हा ५ दिवसांपुरते सामने खेळता येतात आणि निकालाचं ओझं नसतं.

तासांची नोंद विद्यापीठाच्या कंप्लायन्स (नियमपालन) कार्यालयाकडे जाते, खेळाडूही सही करतात. 'ऐच्छिक' सराव म्हणून बोलावलं आणि सहाय्यक बाजूला वही घेऊन उभा राहिला की तो ऐच्छिक राहत नाही. नियमभंगाची फाइल बहुतेक वेळा अशाच बारीक गोष्टीने उघडते.

---

अनुजा_रॅले

माझा भर भरतीवर, कारण मुख्य प्रशिक्षकाचा वर्षातला सगळ्यात जास्त वेळ तिथे जातो, आणि इथल्या मराठी मंडळांत पालक सारखं तेच विचारतात.

दहावी संपल्यावरच्या १५ जूनपर्यंत डिव्हिजन वनचा प्रशिक्षक मुलाच्या ईमेलला भरतीविषयी उत्तर देऊ शकत नाही. प्रश्नावली आणि शिबिराची माहिती पाठवू शकतो. अकरावीआधीच्या १ ऑगस्टपासून भेटी. त्यामुळे नववीतल्या मुलाला उत्तर आलं नाही म्हणजे नकार आला असं नाही. नियमाने तोंड बांधलेलं असतं, एवढंच.

ईमेल कशी असावी? विषयाच्या ओळीतच पदवीचं वर्ष, जागा, क्लब आणि गुण: '२०२७, लेफ्ट बॅक, डावखुरा, अमुक क्लब, ३.८' (गुणांची सरासरी ४ पैकी). चार मिनिटांच्या आतला व्हिडिओ, पहिल्या ३० सेकंदांत सगळ्यात चांगले प्रसंग, चेंडू येण्याआधी मुलाभोवती वर्तुळ किंवा बाण, गाणं नको. पुढच्या स्पर्धेत कोणत्या मैदानावर, किती वाजता, जर्सी कितीची. प्रशिक्षक स्पर्धेच्या ठिकाणी खुर्ची घेऊन एका मैदानावर २० मिनिटं बसतो आणि पुढे जातो. ईमेल मुलाने लिहावी, बाबांनी नाही. ओळखता येतं!

आयडी कॅम्पबद्दल (कॉलेजांची खेळाडू हेरण्याची शिबिरं): नियमाने ते सगळ्यांना खुले असावे लागतात. मर्यादा फक्त संख्या, वय, इयत्ता आणि लिंग यांची. 'खास निमंत्रण' असलेली ईमेल शेकडो जणांना गेलेली असते. त्या पैशातून सहाय्यकांचा पगार सावरतो. यात लबाडी नाही, पण निमंत्रण म्हणजे निवड हेही खरं नाही.

पात्रतेसाठी बारावीपर्यंत १६ मुख्य विषय, त्यातले १० बारावी सुरू होण्याआधी, त्या दहांपैकी ७ इंग्रजी, गणित, विज्ञानातले, आणि सरासरी किमान २.३. भारतातून येणाऱ्यांच्या गुणपत्रिका वेगळ्या तपासल्या जातात, तीन-चार महिने हाताशी ठेवा. आणि शाळा संपल्यावर नुसतं खेळत राहिलात तर आजवरच्या नियमात एका वर्षाचीच सवलत. पुढे स्पर्धात्मक खेळलात की हंगाम कापला जातो. नियम बदलत असतात, अर्जाआधी एनसीएएच्या साइटवर पुन्हा बघा.

---

पेठेतला

अनुजाताई, एक नंबर. पण मग प्रशिक्षक परदेशी पोरं एवढी का आणतात? मार्शलच्या संघात अमेरिकन शोधावे लागतात म्हणे.

---

अनुजा_रॅले

कारण सरळ आहे. उत्तम अमेरिकन मुलं एमएलएसच्या (तिथल्या व्यावसायिक लीगच्या) अकादमीतून थेट व्यावसायिक करार करतात, २०२२ पासून तिच्याखालची एमएलएस नेक्स्ट प्रो लीगही आहे. तेव्हा १८ वर्षांचा अमेरिकन घ्यायचा की जर्मन, स्पॅनिश, नॉर्वेजियन अकादमीतून करार न मिळालेला, अंगाने तयार झालेला २० वर्षांचा? पुढल्या वर्षीचा करार डोळ्यांसमोर असलेला प्रशिक्षक दुसरा घेतो. तोटा एवढाच की एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावरच्या मुलाला जाहिरात-प्रायोजकत्वाचे पैसे अमेरिकेत राहून कमावणं अवघड, त्यामुळे तिथे ताणाताणी होते.

---

गवत

दुसऱ्या कागदाकडे कोणी वळलंच नाही, वेळापत्रकाकडे. व्हर्मॉंटचं उत्तर माझ्या मते तिथेच आहे.

राष्ट्रीय स्पर्धेत ४८ संघ. काही जागा कॉन्फरन्सच्या विजेत्यांना आपोआप, बाकीच्या समिती निवडते. समितीपुढे वर्षानुवर्षं असलेला मोठा आकडा आरपीआय, संघाची ताकद मोजणारा. सूत्र असं: स्वतःच्या विजयाचं प्रमाण २५ टक्के, प्रतिस्पर्ध्यांचं ५० टक्के, प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचं २५ टक्के. दोन काल्पनिक संघ घेऊ, शेवटचा घटक दोघांचाही ०.५००.

संघ क: स्वतःचं ०.८००, प्रतिस्पर्धी ०.४००. म्हणजे ०.२०० + ०.२०० + ०.१२५ = ०.५२५.
संघ ख: स्वतःचं ०.६००, प्रतिस्पर्धी ०.६००. म्हणजे ०.१५० + ०.३०० + ०.१२५ = ०.५७५.

जास्त जिंकणारा खाली! यात प्रशिक्षकाची चूक नाही, वेळापत्रकाची आहे. आता व्हर्मॉंटची अमेरिका ईस्ट आणि पेन स्टेटची बिग टेन यांची तुलना करा. बिग टेनमध्ये इंडियाना, मेरीलँड आणि २०२४ पासून यूसीएलए, वॉशिंग्टन. कॉन्फरन्सचे सामनेच आकडा वर उचलतात. लहान कॉन्फरन्समध्ये मोसमभर छान खेळून नोव्हेंबरच्या एका रविवारी पेनल्टीवर हरलात की समितीच्या फोनची वाट बघत बसायचं.

म्हणून लहान कॉन्फरन्सचा प्रशिक्षक कॉन्फरन्सबाहेरचे आठ-नऊ सामने सोनाराच्या काट्याने मोजून घेतो. वरचे तीन संघ परगावी (ते आपल्या गावी सहसा येत नाहीत), मधले चार असे की जे स्वतःच्या कॉन्फरन्समध्ये जिंकणार आहेत, आणि एखादा गावातला. दुबळ्या संघाला घरी बोलावून ६-० जिंकणं महागात पडतं, कारण त्यांचं ०.१५० तुमच्या ५० टक्क्यांत येऊन बसतं.

---

पेनल्टीबॉक्स

+१. फक्त एक भर: व्हर्मॉंटने ही अडचण असूनही जिंकलं, म्हणून तर डाऊंचा भाव त्या महिन्यात शिखरावर होता. भाव असतानाच करार होतात.

---

तिसरा_सहाय्यक

इथे मी जरा विरोधात. 'उडी मारा, वर चढा' हे सगळ्यांनाच लागू नाही.

जेरी यीगली १९६३ मध्ये इंडियानात आले तेव्हा तिथे विद्यापीठाचा अधिकृत संघच नव्हता, क्लब होता. दहा वर्षं पाठपुरावा करून १९७३ मध्ये दर्जा मिळवला. २००३ मध्ये निवृत्त झाले तेव्हा ५४४ विजय, ६ राष्ट्रीय विजेतेपदं, आणि सहावं शेवटच्याच हंगामात. २०१० पासून मुलगा टॉड तिथे प्रशिक्षक. मेरीलँडचे साशो चिरॉव्स्की बघा. १९९३ चा पहिला हंगाम ३ विजय, १४ पराभव, १ बरोबरी. आजच्या क्रीडा संचालकाने दुसऱ्या वर्षी हिशोब चुकता केला असता. पुढे २००५, २००८, २०१८ ला विजेतेपदं. डिव्हिजन थ्रीत जे मार्टिन १९७७ पासून ओहायो वेस्लियनला राहिले, ७००हून अधिक विजय.

एकाच जागी राहण्याचा खरा नफा म्हणजे प्रवेश कार्यालयाशी जुळलेलं नातं. कोणता मुलगा प्रवेशात बसेल हे मुख्य प्रशिक्षकाला ऑफरच्या आधी कळलं तर वर्षाला दोन-तीन चुका वाचतात. या नात्याची काळी बाजूही आहे. २०१९ च्या प्रवेश घोटाळ्यात यूसीएलएच्या तत्कालीन पुरुष फुटबॉल प्रशिक्षकाने लाच घेऊन खोटे 'खेळाडू' प्रवेशाला पुढे केल्याचं कबूल केलं आणि २०२१ मध्ये त्याला आठ महिन्यांची शिक्षा झाली. तेव्हापासून अनेक ठिकाणी प्रशिक्षकाने शिफारस केलेला मुलगा खरंच संघात खेळतो का, ते तपासतात.

---

शिट्टीवाला

जुन्या काळात हे पोटापाण्याचं काम नव्हतंच. सेंट लुईस विद्यापीठाची दहा विजेतेपदं, पहिली पाच बॉब गेल्करांची, पुढची पाच हॅरी कीओंची. कीओ म्हणजे १९५० च्या विश्वचषकात इंग्लंडला १-० ने हरवणाऱ्या अमेरिकेच्या संघातले बचावपटू. नोकरी टपाल खात्यात! वर आलेले श्मिड हिशेबनीस होते. ब्रूस अरीना १९७८ ला व्हर्जिनियात आले तेव्हा लॅक्रॉसचंही काम बघत.

---

आडवापास

अरीनांचं नाव आलंच, तर वरची वाट. व्हर्जिनियात पाच विजेतेपदं (१९८९ चं सांता क्लारासोबत विभागून, मग १९९१ ते १९९४ सलग), १९९६ ला एमएलएस सुरू होताच डीसी युनायटेड, १९९८ ला राष्ट्रीय संघ. श्मिड १९९९ ला एलए गॅलक्सीत. बॉब ब्रॅडली प्रिन्स्टनहून एमएलएसमध्ये. केलेब पोर्टर यांनी ॲक्रन विद्यापीठाला २०१० चं विजेतेपद दिलं, लगेचच्या जानेवारीत २०११ च्या सुपरड्राफ्टमधल्या (एमएलएस क्लब कॉलेज खेळाडू निवडतात ती फेरी) पहिल्या आठ नावांत पाच ॲक्रनची. पोर्टर २०१३ ला पोर्टलंडला गेले, २०१५ ला एमएलएस कप.

आता ही वाट अरुंद झाली आहे. क्लब स्वतःच्या अकादमीतला आणि प्रो लायसन्सवाला माणूस घेतात. जे विडोविच वेक फॉरेस्टचं २००७ चं विजेतेपद घेऊन २०१५ ला पोर्टलंडच्या दुसऱ्या संघाकडे गेले आणि २०१६ च्या हंगामापासून पिट्सबर्ग विद्यापीठात, म्हणजे पुन्हा कॉलेजात आले. त्यांचं काम तिथेही उत्तम झालं, सांगायचं एवढंच की परतीचं तिकीट आधी बघून ठेवावं.

---

गवत

आणि संघच बंद झाला तर? एप्रिल २०२० मध्ये सिनसिनाटी विद्यापीठाने पुरुष फुटबॉल बंद केला, मे महिन्यात ॲपलाचियन स्टेटने. पहिल्या पोस्टमधला २०० विरुद्ध साडेतीनशेचा फरक इथे कामी येतो. १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने मुलामुलींना खेळाच्या समान संधी द्याव्या लागतात. अमेरिकन फुटबॉलच्या संघात शंभरावर मुलगे. तो भार तोलायचा तर एक महिला संघ वाढवा किंवा एक पुरुष संघ कमी करा. पैसे आटले की दुसरा उपाय स्वस्त. अमेरिकन फुटबॉलची पंढरी असलेली एसईसी कॉन्फरन्स पुरुष फुटबॉल खेळवतच नाही. केंटकी आणि साउथ कॅरोलायना या खेळापुरते सन बेल्ट कॉन्फरन्समध्ये खेळतात.

म्हणून करारात तीन कलमं वाचायची: संघ बंद झाल्यास उरलेला पगार मिळतो का, स्वतः सोडल्यास किती भरायचं, आणि सहाय्यकांचे करार तुमच्या कराराशी बांधलेले आहेत का. तिसरं बहुतेक जण वाचत नाहीत. मुख्य गेला की सहाय्यकाचा पगार महिन्या-दोन महिन्यांत थांबतो.

---

पेठेतला

शेवटची शंका. इकडून मास्टर्सला जाऊन ग्रॅज्युएट असिस्टंट झाला, पुढं व्हिसा?

---

तिसरा_सहाय्यक

पदवीनंतर ओपीटीचे (विद्यार्थी व्हिसावरच काम करायच्या परवानगीचे) १२ महिने. मग एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. विद्यापीठं लॉटरीच्या कोट्यातून वगळलेली आहेत, हा मोठा फायदा. अडतं ते 'स्पेशालिटी ऑक्युपेशन'वर: या कामाला विशिष्ट विषयाचीच पदवी लागते हे दाखवावं लागतं, आणि जाहिरातीत 'कोणतीही पदवी' लिहिलं असेल तर फाइल तिथेच बसते. म्हणून जाहिरात निघण्याआधीच एचआरशी बोलायचं. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलरचं शुल्क लावलं आहे. फुटबॉल विभाग तेवढं भरणार नाही, त्यामुळे आधी तिथे शिकायला जाणं हीच व्यवहार्य वाट. वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल नको.

---

पेनल्टीबॉक्स

धागा भरत आलाय, तर नव्या मुख्य प्रशिक्षकाच्या पहिल्या दोन महिन्यांची एक गोष्ट राहिली: एपीआर, म्हणजे संघाची अभ्यासातली प्रगती मोजणारा एनसीएएचा आकडा. स्कॉलरशिप घेणाऱ्या प्रत्येक मुलाला दर सत्राला दोन गुण, एक पात्र राहिल्याचा, एक टिकून राहिल्याचा. २० मुलं, दोन सत्रं, एकूण ८० गुण. नवा प्रशिक्षक आला, डिसेंबरमध्ये सहा जण तडकाफडकी निघून गेले आणि त्यांच्यामागे एकेक गुण गेला, तर ७४ भागिले ८०, म्हणजे ९२५. चार वर्षांची सरासरी ९३० खाली गेली की राष्ट्रीय स्पर्धेचं दार बंद. एका वर्षाने सहसा मरत नाही, पण आधीच्याने काठावर, ९३०लाच सोडलेलं असेल तर मरतं. २.६ सरासरी राखून दुसऱ्या चार वर्षांच्या कॉलेजात गेलेल्याचा टिकण्याचा गुण कापत नाहीत. तेव्हा कोणाला जा म्हणण्याआधी त्याची गुणपत्रिका उघडा.

---

आडवापास

@पेनल्टीबॉक्स, हे मुलाखतीतच विचारता येतं ना? चार वर्षांचे आकडे जाहीर असतात.

---

पेनल्टीबॉक्स

संघाचा एपीआर जाहीर असतो. चालू वर्षाचे गळलेले गुण नसतात. ते कंप्लायन्सवाल्याला विचारायचे, सही करण्याआधी.